चार बोटांची दुमड

उन्हाळ्याची सुट्टी सगळ्या जगाला असते, टेलरकाकूंना नसते. शाळा बंद झाल्या की आयांच्या डोक्यात एकदम उजेड पडतो. पोरं वाढली, मागचा स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला, सदऱ्याची बाही कोपराला भिडली. मग त्या सगळ्या एकाच आठवड्यात काकूंचा जिना चढतात आणि वर येऊन धापा टाकत म्हणतात, "तुमचं काय बाई, घरबसल्या काम." काकू तोंडात टाचण्या धरून मान डोलावतात. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, हा त्या धंद्यातला एक मोठा फायदा.

पण बायका काकूंकडेच यायच्या, त्याला कारण होतं. काकू स्कर्टच्या खालच्या काठाला चार बोटांची दुमड ठेवायच्या. पोरगी वाढली की दुमड उसवून एक बोट सोडायचं, पुढच्या वर्षी आणखी एक. काकूंकडचा स्कर्ट तीन वर्षं जातो, असं त्या भागात बोललं जायचं, आणि काकूंनी ते बोलणं कधी खोडून काढलं नव्हतं.

समोरच्या दारात राहायच्या ड्रॉइंगच्या बाई. दोन दारांमध्ये चार पावलांचा पॅसेज. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणजे उन्हाळ्यात काकूंच्या मशीनची धडधड जेव्हा सकाळी सातपासूनच सुरू व्हायची, नेमकी तेव्हाच बाईंची सुट्टी सुरू व्हायची. बाई आवाजाला मऊ, अंगाने मऊ, आणि बोलायला तर इतक्या गोड की काकूंनी मनातल्या मनात त्यांचं नाव मधाची बाटली ठेवलं होतं. तोंडावर मात्र बाईच. समोरासमोर राहायचं तर एवढं पाळावंच लागतं.

बाईंना एक मुलगी होती, गोल आणि सुस्त, तिला सगळे गोटी म्हणायचे. काकूंच्या मुलीला टाचणी म्हणायचे. का, ते तिच्याकडे बघितलं तरी कळायचं आणि तिच्याशी बोललं तर जास्तच कळायचं. दोघी दहा वर्षांच्या, एकाच शाळेत, एकाच वर्गात. सुट्टीच्या पहिल्या दिवशी दोघींना कापणीच्या टेबलावर उभं करून मापं घ्यायची आणि पुढे सवडीने दोघींचे स्कर्ट एकाच कापडातून, एकाच घडीत कापायचे, हा चार वर्षांचा रिवाज होता. उंची दोघींची सारखीच. फरक फक्त कमरेत, आणि तो काय, शिवताना चुण्यांत काढता येतो.

सुट्टी लागली की बाई आपल्या घराचं दार उघडं ठेवायच्या आणि मजल्यावरची पोरं आत गोळा करायच्या. "मुलांना काहीतरी उद्योग हवा ना हो," असं त्या म्हणायच्या. पोरं एक दिवस बाल्कनीत टबभर पाणी घेऊन कागदी होड्या सोडायची. एक दिवस कापसावर वाटाणे भिजत घालायची आणि दर तासाला जाऊन त्यांना मोड आला का बघायची. एक दिवस मेणबत्तीने कागदावर चित्र काढून वर निळा रंग फासायची. पडद्यामागे दिवा लावून सावल्यांचं नाटकही झालं. पडदा कुणाचा, तर काकूंचा. अस्तराचं सहा हात कापड टाचणीने विचारल्याशिवाय उचलून नेलं होतं, आणि ते परत आलं तेव्हा त्यावर निळे पंजे होते. बाई स्वतः दारात आल्या होत्या.

"अहो काकू, केवढा गुन्हा केला पोरांनी. पण काय सांगू, तुमच्या टाचणीची कल्पना होती. डोकं काय आहे मुलीला."

"डोकं घरचंच आहे," काकू म्हणाल्या.

"हो हो, ते तर आहेच. पण डोक्याला वळण लावायला वेळ लागतो ना हो. तुम्ही बिचाऱ्या दिवसभर मशीनवर."

बिचाऱ्या. काकूंनी तो शब्द उचलला आणि आत नेऊन ठेवला. त्यांच्याकडे असले शब्द बरेच साठले होते. मागच्या उन्हाळ्यातलं 'तुम्हाला कुठे फावतंय', त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं 'तिचं जेवण आमच्याकडेच झालं, काळजी करू नका'. त्यांतला एकही अजून जुना झाला नव्हता.

खरं दुखणं निराळं होतं. टाचणी सकाळी दूध पिऊन जी समोर जायची ती उन्हं कलल्यावर यायची, कोपरापर्यंत रंगलेली, आणि मग घरात बसून बाईंची वाक्यं बोलायची. बाई म्हणतात, जेवताना पाणी पिऊ नये. बाई म्हणतात, निळ्याजवळ नारिंगी ठेवला की दोन्ही उठून दिसतात. एकदा तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, "बाई म्हणतात, भिंत मोकळी असावी."

"बाईंना म्हणावं, तुमची भिंत मोकळी ठेवा," काकू म्हणाल्या. "आमच्या भिंतीला तारखा लागतात."

त्याच आठवड्यात बाईंनी खडा टाकला. दोघी पॅसेजमध्ये उभ्या होत्या, बाईंच्या हातात ओले ब्रश.

"मी म्हणत होते काकू, शाळा उघडली की टाचणी शाळेतून थेट आमच्याकडेच येऊ दे रोज. दोघी मिळून अभ्यास करतील, मी आहेच. जेवूनच पाठवत जाईन. तुम्हालाही मोकळीक. घाई नाही, शाळा उघडेपर्यंत विचार करा."

"बघू," काकू म्हणाल्या.

"तिला मी विचारलंय. ती एका पायावर तयार आहे."

आधी लेकीला विचारलं आणि मग आईला कळवलं. काकू घरात आल्या आणि चालू मशीनवर दोन बाह्या उलट्या जोडून बसल्या, जे त्यांच्या हातून वीस वर्षांत झालं नव्हतं.

नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा आणि दर तिसऱ्या दिवशी घरी यायचा. तो पायमोजे काढता काढता म्हणाला, "बरंच आहे की. तुझ्यामागची कटकट गेली."

"कटकट कुणाची? माझ्या पोरीची?"

"तसं नाही गं. शिकलेली बाई आहे. आपण काय शिकवणार तिला?"

"अहो, मग तुम्हीही तिकडेच जेवत चला," काकू म्हणाल्या. त्याने पायमोजे काढले आणि विषयही काढून ठेवला.

आता शाळा उघडायला चार आठवडे होते. रात्रीचं जेवणही समोर, अभ्यासही समोर, म्हणजे पोरगी घरी येणार ती फक्त झोपायला. काकूंनी ठरवलं की उद्योगाला उद्योगानेच उत्तर द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापणीच्या टेबलावरून चारी बाजूंनी कापड सोडलं आणि खाली तंबू केला. तंबूत बटणांचा डबा, रिकामी रिळं, कापडाचे तुकडे. दार सताड उघडं टाकलं आणि मशीनवर बसून राहिल्या, जसं काही त्यांच्या मनातही नाही.

तासाभरात पॅसेजमधली चार पोरं आली. मग गोटी आली. शेवटी, ज्या मासोळीसाठी गळ टाकला होता ती टाचणी आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हे काय?"

"काही नाही. तुकडे आवरत होते."

तीन दिवस तंबू चालला. काकूंनी पोरांना बटण लावायला शिकवलं, टीप कशी घालायची ते शिकवलं, आणि आपल्या धंद्याची पहिली गोष्ट शिकवली. "कपडा हातात आला की सरळ बाजूला भुलायचं नाही. आधी उलटा करायचा. काठ बघायचा. किती बोटं दुमड आहे ते मोजायचं. शिवणाऱ्याची दानत उलट्या बाजूला कळते." पोरांनी अंगातले शर्ट काढून उलटे केले आणि एकमेकांच्या दानती मोजल्या. गोटीचा फ्रॉक दुकानातून आणलेला, त्याला अर्धं बोटही दुमड नव्हती. टाचणी तिच्याकडे बघून म्हणाली, "फसवलंय तुला." काकूंना त्या क्षणी जे बरं वाटलं ते त्यांनी टाचण्यांसकट गिळलं.

चौथ्या दिवशी बाईंनी बर्फ काढला. रंगीत पाण्याचे गोळे गोठवून ठेवले होते, ते घेऊन पोरांनी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर चित्रं काढायची, आणि ती बघता बघता वाळून जायची. तंबू एका मिनिटात ओस पडला. टाचणी जाताना एवढंच म्हणाली, "येतेच मी." ती उन्हं कलल्यावर आली.

बाई दारातून हसल्या. "रागावला नाहीत ना काकू? तुमच्या शिवणकामाच्या वर्गातून पळवली पोरं मी."

"छे हो. मला कुठे फावतंय," काकू म्हणाल्या. बाईंचाच माल बाईंना परत केला, पण बाईंनी तो ओळखलासुद्धा नाही. वैरी असावा तर असा नसावा. आपला घाव त्याला लागला का तेही कळत नाही.

मग शाळा उघडायला आठवडा राहिला असताना बाईंनी मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं. सगळ्या मजल्यांवरच्या आया बोलावल्या, लिंबाचं सरबत ठेवलं. भिंतीवर चित्रं टांगली होती, खिडकीत मोड आलेले वाटाणे. मधोमध एक मोठा पुठ्ठा होता, त्यावर कापड चिकटवून केलेलं घर. खिडक्यांना पडदे, दाराला बटणाची कडी. खाली टाचणीचं नाव. घराला तीन खिडक्या आणि एक बाल्कनी होती. काकूंच्या घराला दोन खिडक्या होत्या आणि बाल्कनी नव्हतीच.

"कुणाचं हो काम हे?" तळमजल्यावरच्या एकीने विचारलं.

बाईंनी टाचणीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही आमची. मीच घडवतेय म्हणा ना तिला. आई बिचारी दिवसभर मशीनवर, हिच्याकडे बघणार कोण?"

बायका हळहळल्या. काकू तिथेच, सरबताचा पेला हातात धरून उभ्या होत्या. आणि टाचणी, पोटची पोर, हसली. लाजून हसली असेल, पण हसली. काकूंनी पेला खाली ठेवला, "छान आहे," म्हणाल्या आणि चार पावलं चालून घरी आल्या.

टेबलावर हिरवं कापड पसरलेलं होतं. शाळेचा गडद हिरवा रंग. मापं वहीत होती, खडूच्या रेघा सकाळीच मारून ठेवलेल्या, फक्त काठाची रेघ राहिली होती. पुढचं काम गोटीच्या स्कर्टचं.

काकूंनी कात्री उचलली. मापाची रेघ जिथे संपते त्याखाली नेहमी चार बोटं ठेवून त्या दुसरी रेघ मारायच्या आणि त्या रेघेवर कापायच्या. आज दुसरी रेघ मारलीच नाही. मापाखाली नखभर जागा सोडली, टीप बसण्यापुरती, आणि कात्री घातली. कात्री धारदार होती. कापड कुरकुरलं नाही. उद्या स्कर्ट अंगात येईल तो फोटो काढावा असा येईल. बाई म्हणतील, काय बसलाय. आणि थंडी पडेपर्यंत गोटी वाढेल, बाई काठ उसवायला घेतील, आणि उलट्या बाजूला काही सापडणार नाही. तेव्हा विचारायला आल्या तर म्हणायचं, अगंबाई, हो का? मी बिचारी दिवसभर मशीनवर, राहिलं असेल.

कापून झालं आणि काकूंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी उरलेल्या पट्ट्यांचे बारीक तुकडे करून ते चिंध्यांच्या पिशवीत टाकले. मग कापलेले भाग उचलले. दोन हवे होते, पुढचा आणि मागचा.

हातात चार आले.

काकू चार भाग धरून उभ्या राहिल्या. गोटीचा पुढचा, गोटीचा मागचा, आणि त्यांच्याखाली, त्याच घडीत, टाचणीचा पुढचा आणि टाचणीचा मागचा. चार वर्षांचा रिवाज. सकाळी घडी त्यांनी स्वतःच घातली होती.

त्या तशाच पायात चपला सरकवून कापडाच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "हिरवा संपला काकू. नवा माल येईल दीड महिन्याने, पण छटा तीच असेल असं नाही सांगत."

परत येताना काकूंनी डोकं थंड करून बघितलं. आता करायचं काय? टाचणीला थंडीपर्यंत जाईल, मग नवं कापड येईल, तिचा नवा शिवू. गोटीचं त्यांचं त्यांनी बघावं. कुणाला कळणार आहे? उलट्या बाजूला बघतो कोण? त्यांनी दोन्ही स्कर्ट शिवले, काठाला नखभर टीप घातली, इस्त्री मारली आणि हँगरला लावून ठेवले. शिवण मात्र चोख. वाकडं शिवायला हात तयारच झाला नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला, बाई गोटीला घेऊन आल्या. टाचणी त्यांच्या मागोमाग.

"झाले का हो स्कर्ट? आणि ते दुसरंही विचारायचं होतं. उद्यापासून टाचणी येतेय ना आमच्याकडे?"

"आधी घालून तर बघू दे," काकू म्हणाल्या.

दोघी पोरी पडद्यामागे गेल्या आणि स्कर्ट घालून बाहेर आल्या. खरंच फोटो काढावा असे बसले होते. बाईंनी गोटीला गोल फिरवलं.

"काय बसलाय. काकू, हात आहे तुमचा."

गोटी फिरली. टाचणी फिरली नाही. तिने वाकून आपल्या स्कर्टचा काठ धरला आणि उलटा केला. काकू मशीनपाशी उभ्या होत्या, तिथून त्यांना तिचं फक्त डोकं दिसत होतं, मधोमध पाडलेला भांग. टाचणीने काठावर बोट ठेवलं. दुसरं ठेवायला जागाच नव्हती.

मग ती गोटीकडे गेली, खाली बसली आणि तिचाही काठ उलटा केला.

"ए, गुदगुल्या होतायत," गोटी म्हणाली.

"थांब गं," टाचणी म्हणाली. तिने तो काठ जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग वर बघितलं, गोटीकडे नाही, बाईंकडे नाही. काकूंनी तोंडात टाचणी धरावी म्हणून हात नेला, पण टाचण्यांची डबी टेबलाच्या पलीकडे होती.

"मग काय ठरलं?" बाई म्हणाल्या. "पोरीलाच विचारा ना. काय गं, येणार ना उद्यापासून?"

"नाही," टाचणी म्हणाली. "मी शाळेतून घरीच येणार."

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसतं जरा सुकलं. "का गं? तूच म्हणाली होतीस."

"आई हल्ली कापताना चुकते. कुणीतरी बघायला पाहिजे."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकूंना हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते असं मिळालं होतं की हातात धरवत नव्हतं. वीस वर्षांच्या कात्रीला पोटच्या पोरीने नाव ठेवलं होतं, आणि तेही नेमकं कुणाच्या देखत.

बाई सावरल्या. त्या नेहमीच सावरायच्या. "अगंबाई, हो का? डोळे असतील काकू. चष्म्याचा नंबर बघून घ्या हो एकदा. आमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी देते." त्या काकूंच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "या वयात व्हायचंच."

"बघते," काकू म्हणाल्या.

"चल गोटी, स्कर्ट काढ."

"गोटीचा राहू दे इथेच," टाचणी म्हणाली. "हूक लावायचा राहिलाय. संध्याकाळी देते आणून."

हूक लावलेला होता. दोन लावलेले होते. बाईंनी बघितलं नाही. सरळ बाजू बघून खूश होणाऱ्यांतल्या त्या. गोटी फ्रॉक घालून गेली, तिच्यामागून बाई गेल्या. चार पावलं, आणि समोरचं दार लागलं. उन्हाळ्यात पहिल्यांदाच दिवसाउजेडी लागलं.

टाचणीने आपला स्कर्ट काढून गोटीच्या स्कर्टशेजारी टेबलावर ठेवला, दोन्ही उलटे करून.

"माझा कसा झाला असा?"

"घडी होती," काकू म्हणाल्या. "लक्षात आलं नाही. चुकून झाला."

"माझा चुकून." टाचणीने दुसऱ्या काठावर बोट ठेवलं. "आणि हा?"

काकूंनी बॉबिन काढली, बघितली, परत बसवली. भरलेली होती.

"तिने काय केलं होतं तुझं?" टाचणीने विचारलं.

"तू हसलीस," काकूंच्या तोंडून निघून गेलं. "त्या दिवशी. सगळ्यांसमोर."

"मग माझाच आखूड कापायचा होतास."

पोरगी खरंच हुशार होती आणि डोकं खरंच घरचं होतं. त्याचं आज काहीच बरं वाटत नव्हतं. टाचणी टेबलाखाली शिरली, तंबूच्या वेळचे तुकडे अजून तिथेच पडले होते, त्यांतून एक काळं जाड कापड ओढून बाहेर काढलं.

"वरून जोड," ती म्हणाली. "कमरेला. चार बोटांची पट्टी. वर सदरा येतो, दिसणार नाही. मग खालून चार बोटं आत घे."

काकूंनी कापड चाचपलं. जाडी जुळत होती. त्यांना इतक्या दिवसांत हे सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनी सुचवून घेतलंच नव्हतं.

"आण तुझा," त्या म्हणाल्या आणि उसवायची सुई उचलली.

"आधी तिचा," टाचणी म्हणाली.

दुपारभर मशीन चाललं. समोरच्या घरातून पोरांचा आवाज आला, हसण्याचा, पाण्याचा. टाचणीने एकदाही दाराकडे बघितलं नाही, आणि आईकडेही नाही. स्टुलावर बसून ती फक्त सुईखालून सरकणारं कापड बघत होती, गळ्यात काकूंची टेप टाकून. एकदा काकूंनी विचारलं, "पाणी पितेस?" ती म्हणाली, "टीप वाकडी जाईल. पुढे बघ."

गोटीचा स्कर्ट झाला तेव्हा काकूंनी तो इस्त्रीकडे नेला. टाचणीने तो वाटेतच घेतला, उलटा केला आणि टेबलावर पसरला.

"बोटं ठेव."

"अगं, मी मोजूनच—"

"ठेव. तुझी. माझी बारीक आहेत."

काकूंनी काठावर बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. टाचणीने वाकून बघितलं, करंगळीच्या खाली कापड उरतंय का ते बघितलं, आणि मग दुसरा स्कर्ट पुढे सरकवला.